दोनदा वाफवलेलं खाद्य

उंदराचं पिल्लू मिटल्या डोळ्यांनी जन्माला येतं आणि तेराव्या-चौदाव्या दिवशी डोळे उघडतं. तेहतीस वर्षं मी हा दिवस पाळला. माणसांचे वाढदिवस विसरले, एकदा तर स्वतःच्या लग्नाचाही, पण कुठल्या पिंजऱ्यातली पिल्लं कधी डोळे उघडणार हे मला वहीत बघावं लागलं नाही. कराडबाहेरच्या आमच्या परीक्षण केंद्रात नवी औषधं गाभण उंदरिणींना देऊन पिल्लांत काही व्यंग येतं का, ते तपासत. मी तिथल्या ॲनिमल हाऊसची प्रमुख, रत्नप्रभा माळवदे. शास्त्रज्ञ नव्हे, साधी बी.एस्सी. झालेली बाई. पण जनावरं कशी जगवायची हे मोठमोठे डॉक्टर मला विचारायला यायचे, आणि मी त्यांना दारात चपला काढायला लावून मगच सांगायची.

आमच्याकडचे उंदीर काळे. जगभरच्या प्रयोगशाळांत ही जात चालते, आणि तिला एक जन्मजात खोड आहे. शंभरातल्या काही पिल्लांचा एक डोळा मोहरीएवढाच राहतो, क्वचित नसतोच. बहुतेकदा उजवा, आणि माद्यांत जास्त. का, ते अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. डोळा घडतो कसा, तर गर्भाच्या मेंदूतून एक वाटी बाहेर येते. त्या वाटीवरची कातडी जाड होते, आत खचते, तिचा बुडबुडा होतो आणि तो वरच्या कातडीपासून सुटा होऊन वाटीत बसतो. तेच डोळ्याचं भिंग. या काळ्या जातीत तो बुडबुडा कधीकधी वेळेवर सुटत नाही, अडकून राहतो. मग भिंग वाढत नाही, आणि भिंग वाढलं नाही की त्याच्या भोवतीचा डोळाही वाढत नाही. उंदरात हा सगळा खेळ गाभणपणाच्या दहाव्या-अकराव्या दिवशी होतो, बाईत पाचव्या-सहाव्या आठवड्यात.

अशा पिल्लाला आम्ही 'बारीक डोळा' म्हणायचो. नोंद करायची आणि पुढे जायचं. जातीचीच खोड, तिथे औषधाला बोल कसा लावणार?

२०२९ साली नियम बदलला. तोवर प्रत्येक चाचणीत दोन गट असत, एकाला औषध आणि दुसऱ्याला नुसतं पाणी. नुसत्या पाण्यासाठी हजारो जनावरं मारायची कशाला, असा प्रश्न आला, आणि तो बरोबरच होता. उपाय निघाला आभासी गटाचा. जुन्या चाचण्यांतल्या पाण्यावरच्या उंदरिणींच्या नोंदी संगणकात भरायच्या. नवं औषध आलं की संगणक त्यातून वय, वजन, जात जुळणाऱ्या उंदरिणी निवडणार, आणि तुलना त्यांच्याशी. जिवंत गट नकोच. त्यासाठी ठिकठिकाणच्या नोंदी तपासल्या आणि सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात नेटक्या म्हणून आमच्या निवडल्या. माझ्या हातच्या, २०१२ पासूनच्या. २०३१ साली निवृत्तीच्या दिवशी मला शाल-श्रीफळ मिळालं आणि संचालक म्हणाले, "माळवदेबाई, तुमचे उंदीर आता कधी मरणार नाहीत." मी आठ दिवस हवेत होते.

माझी मुलगी शर्वरी सांगलीला दिलेली. घरात नवरा ओंकार आणि सासू अलकाताई. शर्वरी शाळेत विज्ञान शिकवायची. २०३४ च्या मार्चमध्ये तिचा फोन आला. दिवस गेले होते, सहावा आठवडा होता, घरात अजून फक्त ओंकारला माहीत होतं, आणि पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता.

"आई, डॉक्टरांनी ऑरिवेम लिहून दिलीय. नवीन गोळी आहे. घेऊ ना?"

"बिनधास्त घे," मी म्हणाले. "आमच्याच केंद्रात तपासलीय ती. माझ्याच उंदरांशी ताडून."

तिने घेतली. उलट्या थांबल्या. त्याच आठवड्यात, वीस तारखेला दुपारी, सूर्यग्रहण होतं. काश्मीरकडे खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. शर्वरीने सातवीचा वर्ग मैदानात नेला, काळे चष्मे वाटले, स्वतःही पाहिलं आणि संध्याकाळी मला आनंदाने फोन केला.

नोव्हेंबरात राही झाली. गोरीपान, भरपूर जावळ, आवाज खणखणीत. डावा डोळा टपोरा. उजवी पापणी उघडेचना. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, पापणीखाली डोळा जवळजवळ नाहीच.

अलकाताई शर्वरीच्या पलंगाशेजारी बसून म्हणाल्या, "मला नुसतं सांगितलं असतंस गं. ग्रहणात उंबऱ्याबाहेर पाय टाकू दिला नसता तुला. आमच्या पाच जावांच्या बाळंतपणात कधी असं झालं नाही."

वाईट नव्हत्या त्या बाई. राहीला त्या क्षणभर खाली ठेवत नसत. तेल कोमट करून, स्वतःच्या मनगटावर बघून, मगच तिच्या अंगाला लावायच्या. पण आलागेला प्रत्येकजण बाळाचा डोळा बघायचा आणि त्या प्रत्येकाला तेच सांगायच्या, "पोरीने ग्रहण पाळलं नाही हो." मी शर्वरीला म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, मनावर घेऊ नकोस. ती तेव्हा हसली. महिन्याभराने राहीला पाजता पाजता तिने मला विचारलं, "आई, खरंच तसं काही नसतं ना?" सातवीला ग्रहण शिकवणारी माझी मुलगी.

जानेवारीत राहीला मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याची खोबण आक्रसू नये म्हणून तिथे छोटी प्लॅस्टिकची वाटी बसवतात आणि मूल वाढेल तशी मोठी करत नेतात. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "दोन महिन्यांतलं हे पाचवं मूल. पूर्वी माझ्याकडे वर्षाला एखादं यायचं."

"त्यांच्या आयांनी कुठली औषधं घेतली होती?"

"उलट्यांची गोळी सोडली तर काही नाही. ती हल्ली सगळ्याच घेतात."

शर्वरीला सांगलीला सोडलं आणि मी घरी न जाता थेट केंद्रावर गेले.

फरझाना मुजावर माझ्याच हाताखाली शिकलेली, माझ्यानंतर ॲनिमल हाऊस तिच्याकडे आलं. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. "ऑरिवेमच्या चाचणीत बारीक डोळे किती होते?"

तिने पडद्यावर काढून दाखवलं. चाचणी २०३२ सालची. औषधाच्या गटात शंभरात आठ, आभासी गटात शंभरात आठ. फरक शून्य. सशांतही काही दिसलं नव्हतं.

"आणि हल्ली तुझ्याकडे औषधाशिवाय किती येतात?"

"दोन. कधी तीन." ती जरा संकोचून हसली. "तुमच्या वेळी आठ यायचे, बाई. तुम्ही गेल्यावर वर्षभरातच उतरले. मला वाटलं, नवीन जोड्या आणल्या त्यांचा गुण असेल. साहेबांनी तर पेढे आणले होते."

वाईट झालं की चौकशी बसते, चांगलं झालं की पेढे येतात. मी विचारलं, "माझ्यापेक्षा तू वेगळं काय करतेस?"

"काहीच नाही. सगळं तुमच्यासारखंच." मग थांबून म्हणाली, "फक्त खाद्य एकदाच ऑटोक्लेव्ह करते. पोत्यावर लिहिलंय तसं."

मी खुर्चीत बसले.

आमच्या माहेरी-सासरी सोवळंओवळं कधी नव्हतं. ते मी ॲनिमल हाऊसमध्ये शिकले. २०१२ साली खाद्याच्या पोत्यातून रोग आत आला आणि आठ दिवसांत आमचे अकराशे उंदीर गेले. ते मी माझ्या हातांनी पिशव्यांत भरले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर. त्यात खाद्य एकदा वाफवून जंतू मारायचे, एवढीच पद्धत. मी त्या दिवसापासून दोनदा वाफवायला लागले. एकदा पोतं आलं की, आणि पुन्हा एकदा आतल्या खोलीत नेताना. कोणी सांगितलं नव्हतं. फॉर्मवर एकच चौकट होती, 'खाद्य निर्जंतुक केले: होय / नाही', आणि मी रोज 'होय'वर खूण केली. एकोणीस वर्षांत एकही साथ आली नाही. मी हे माझं पुण्य समजत होते.

वाफेने अ जीवनसत्त्व मरतं. एक वाफ सोसेल इतकं जास्तीचं जीवनसत्त्व कारखान्यातच घातलेलं असतं. दुसऱ्या वाफेचा विचार कोणी केलेला नसतो. त्या जीवनसत्त्वापासून गर्भात एक निरोप्या रेणू बनतो. आता खचा, आता सुटे व्हा, असे निरोप तो वाढत्या डोळ्याच्या पेशींना पोचवतो. माझ्या उंदरिणी मरत नव्हत्या, वजनं बरी होती, पिल्लं खंडीभर होत होती. फक्त निरोप अशक्त जात होता, आणि ज्या जातीत तो बुडबुडा मुळातच उशिरा सुटतो, तिथे तो आणखी जास्त पिल्लांत अडकत होता. दोनाचे आठ मी केले होते. मग माझ्या त्या आठांशी ऑरिवेम ताडली गेली. औषधाच्या उंदरिणी फरझानाच्या हातचं खाल्लेल्या, त्यांच्यात दोनाचे आठ औषधाने केले. आठ आणि आठ, फरक शून्य. अति तिथे माती म्हणतात, ती अशी.

फरझानाला मी हे सगळं त्याच खुर्चीत बसून सांगितलं. ती फोनकडे वळली. "बाई, आत्ताच कळवू या. कागदावर हे कुठेच नाही. तुम्ही लिहून दिलंत तरच कोणी ऐकेल."

"आधी करून बघ," मी म्हणाले. "उंदरिणींना दोन महिने दोनदा वाफवलेलं दे, मग जोड्या लाव, आठ येतात का बघ. मग जिवंत गट घेऊन ऑरिवेम तपास. आकडे हातात आल्याशिवाय मी सही करणार नाही."

"त्याला जून उजाडेल."

"उजाडू दे. अर्धवट सांगून लोकांना घाबरवायचं नाही."

ऐकायला किती शास्त्रीय वाटतं! खरं सांगायचं तर मी घाबरले होते. केंद्रात माझ्या नावाला मान होता. आणि शर्वरीने मला विचारून गोळी घेतली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. आकडे येईपर्यंत ती झाकलेली ठेवायला मला एक चांगलं कारण सापडलं होतं.

मार्चमध्ये अलकाताईंनी शांत करायची ठरवली. गुरुजींनी सांगितलं होतं, ग्रहणदोषाची शांत केली की पुढचं मूल धड होईल. सकाळची वेळ, दारात रांगोळी, शेजारच्या दोन बायका, ओंकारची आत्या. शर्वरी आणि ओंकार पाटावर. मी तिच्या शेजारी, राहीला मांडीवर घेऊन.

गुरुजींनी संस्कृतात संकल्प सांगितला. मग अलकाताई म्हणाल्या, "मराठीतही म्हणू द्या तिला, मनापासून होईल. म्हण बाळा, माझ्याकडून चुकलं."

शर्वरीने माझ्याकडे बघितलं. मदत मागावी तसं बघितलं. मी एक शब्द बोलले असते तर ती उठली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी राहीचं टोपडं नीट केलं.

"माझ्याकडून चुकलं," शर्वरी म्हणाली.

"ग्रहण पाळलं नाही."

"ग्रहण पाळलं नाही."

"माझ्या लेकराला त्याची शिक्षा झाली."

तिथे तिचा आवाज फुटला. शेजारच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. तिला पुन्हा म्हणायला लावलं आणि तिने पुन्हा म्हटलं. जेवायला पुरणपोळी होती. मी दीड खाल्ली.

जूनमध्ये फरझानाचा फोन आला. दोनदा वाफवलेल्या खाद्यावर शंभरात आठ. एकदा वाफवलेल्यावर दोन. एकदा वाफवलेलं आणि ऑरिवेम, पुन्हा आठ. मी त्याच दिवशी जाऊन चार पानं लिहून दिली, प्रत्येक पानावर सही केली. आठवड्याभरात चौकशी होईपर्यंत गोळीची विक्री थांबवल्याची बातमी आली. आतल्या पानावर, पाच ओळींची. कारण 'तांत्रिक' म्हटलं होतं.

मिरजेच्या आणि इतर ठिकाणच्या डॉक्टरांनी जमवलेल्या माहितीवरून अंदाज निघाला की गोळी घेणाऱ्या हजार बायकांमागे तीन मुलांना असं होतं. एरवी हे दहा हजारांत एखाद्या मुलाला होतं. जानेवारी ते जून किती जणींनी गोळी घेतली, हे मी फरझानाला विचारलं नव्हतं. तिने सांगितलं, चाळीस हजारांवर. म्हणजे सव्वाशे मुलं. ती सगळी अजून जन्मायची होती.

शर्वरी राहीला घेऊन माझ्याकडे कराडला आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. दुपार होती, राही चटईवर रांगायला शिकत होती. शर्वरीने मध्येच अडवलं नाही. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने एकच विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"जानेवारीत."

"शांत मार्चमध्ये होती."

"हो."

"गोळीचं तुला माहीत नव्हतं, आई. त्यावरून मी तुला कधी काही बोलणार नाही. तू मुद्दाम नाही केलंस." ती हळूच बोलत होती, मूल झोपलेलं असताना बोलतात तसं. "पण त्या पाटावर मी तुझ्याकडे बघितलं होतं."

"माझं चुकलं, शर्वरी."

"तिथे येऊन म्हण," ती म्हणाली. "माझ्या घरी. तेवढ्याच माणसांसमोर."

तिने स्वतः फोन करून सगळ्यांना बोलावलं. रविवारी सकाळी मी सांगलीला गेले. शेजारच्या दोघी आल्या होत्या, आत्या आल्या होत्या, ओंकार खाली मान घालून दाराशी उभा होता. अलकाताईंनी चहा ठेवला होता. मी म्हणाले, चहा नंतर. उभी राहूनच बोलले. उंदीर, खाद्य, दुसरी वाफ, गोळी, जानेवारी, सगळं. शास्त्र शक्य तितकं सोपं करून सांगितलं. शेवटी म्हणाले, "राहीच्या डोळ्याला ग्रहण कारण नाही. शर्वरीचा काही दोष नाही. दोष असला तर माझा आहे, आणि मला तो शांतीच्या आधीच माहीत होता."

आत्या म्हणाल्या, "अहो, पण ती गोळी तर आमच्या वैभवच्या बायकोनंही घेतलीया. पोरगं ठणठणीत आहे तिचं. दोन्ही डोळे चांगले टपोरे."

"हजारात तिघांनाच होतं," मी म्हणाले. "बाकीच्यांना काही होत नाही."

"तिनं ग्रहण पाळलं होतं," आत्या म्हणाल्या. "मीच बसवलं होतं तिला देवाजवळ."

शेजारच्या दोघींनी माना डोलावल्या. जन्मभर मी शंभरात किती आणि हजारात किती हेच बोलत आले. वैभवच्या बायकोच्या एका ठणठणीत पोरासमोर ते आकडे टिकले नाहीत. आणि आकड्यांनाही मर्यादा होतीच. राही त्या तिघांतली आहे, की दहा हजारांत एखाद्या मुलाला विनाकारण असं होतं, त्यातली, हे कुठलंही यंत्र मला शपथेवर सांगणार नव्हतं. जानेवारीत, मिरजेहून परत आल्या दिवशी, हेच बोलले असते तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा ते ऐकलं गेलं असतं. आता सहा महिने त्या घराने एक कारण मनात मुरवलं होतं, त्याची शांतही करून टाकली होती.

अलकाताई उठल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"विहीणबाई, लेकीचं दुःख बघवलं नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "सगळं स्वतःच्या अंगावर घेतलासा. एवढी नोकरी केलीत, एवढा मान मिळवलात, तो पण पणाला लावलासा. आई असावी तर अशी."

"अलकाताई, मी खरं सांगतेय."

"खरंच की," त्या माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या. "आता आम्ही पण विसरलो बघा. पोरीची चूक झाली, झाली. पुन्हा या घरात कोणी तो विषय काढणार नाही, शब्द देते." मग त्या शर्वरीकडे वळल्या. "बघतीस काय नुसती? पाया पड आईच्या."

मी शर्वरीकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तिने राहीला ओंकारच्या हातात दिलं, पुढे आली आणि सगळ्यांसमोर वाकली.

"उठ," मी म्हणाले. "शर्वरी, उठ."

ती लगेच उठली नाही.